आठही नाकं बाबांची

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गेले कित्येक दिवस मी गाडीखाली आडवीच असल्यामुळे तो वेगळा घालायची गरज उरलेली नाही. फक्त माझं तोंड वर असतं, तेवढा फरक तू सांभाळून घे.) तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून त्याच्या निमित्ताने सकाळचं फिरणं टाळतात? इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी आणि हे. यांची कंबर धरली आहे, पण ती काम करून नव्हे, माझं काम वाकून वाकून पाहिल्यामुळे. शेक चालू आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू मला मध्येच तोडतेस. जन्म मुख्याध्यापिका म्हणून काढलास, त्यामुळे समोरच्याने तोंड उघडलं की उत्तर चुकणार हे तुला आधीच कळतं. पत्राला मध्ये तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू पूर्ण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

मागच्या खेपेला तू एकच विचारलंस, की गाडी तयार झाली का. त्याचं उत्तरही एकाच शब्दाचं आहे, पण तो शब्द कोणता हे ठरवायला मला थोडी जागा लागेल. बाबांच्या मागे गाडी आपल्या दोघींची झाली. ती उभी माझ्या शेडमध्ये, आणि तिच्याबद्दलचा निर्णय तुझ्याकडे. (आपल्या घरात वस्तू नेहमी माझ्याकडे आणि निर्णय तुझ्याकडे असतात. तक्रार नाही, नुसतं नोंदवते.) तू ठरवलंस की ती त्या संग्राहक गृहस्थांना द्यायची, कारण उभी गाडी गंजते, माझं वय होत चाललं आहे आणि गाडीखालून बाहेर येताना एक दिवस माझी मान तिथेच राहील. गृहस्थ महिनाअखेरीस न्यायला येणार. त्यांची अट एकच: इंजिन चालू हवं, आणि कारखान्यातून निघालं तेव्हा होतं अगदी तसं हवं. मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेले आहे का? (लगेच उत्तर देऊ नकोस.) मी त्याच दिवशी पाना हातात घेतला. पुढे जो घोळ झाला, त्यात माझा काडीचाही दोष नाही.

हे गृहस्थ एकदा पाहणीला येऊन गेले, ते तुला कळवायचं राहिलंच. माणूस सज्जन आहे. नावं ठेवायला जागा शोधताना मला फार कष्ट पडले. हातांत पांढरे हातमोजे, खिशात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. त्या आरशात त्यांनी आपल्या गाडीची कुठली कुठली अंगं पाहिली, ते मला इथे लिहवत नाही. त्यांच्याकडे अशा पुष्कळ गाड्या आहेत, सगळ्या पडदे ओढलेल्या दालनात, प्रत्येकीवर सुती चादर. मी सहज विचारलं, यातली कुठली चालवता? तर ते दचकले. चालवल्या तर झिजतात, म्हणाले. आता यावर बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण तोंड आवर असं तू बजावलं होतंस, म्हणून आवरलं. फक्त त्यांच्या चहात साखर घालायची राहून गेली.

तर दुखणं असं होतं. गाडी सुरू व्हायची, पण जराशा चढावर धापा टाकायची आणि कार्बोरेटरमधून शिंकायची. सल्ले पायलीला पन्नास मिळाले. समोरच्या गाण्याच्या मास्तरांनी पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं. (मास्तर नवे आहेत. वरच्या मजल्यावर क्लास चालवतात. त्यांचा संबंध पुढे फार येणार आहे.) यांचं निदान बॅटरी. यांचं निदान नेहमीच बॅटरी असतं. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, माझं डोकं दुखलं, पाहुणे यायला उशीर झाला, सगळ्याच्या मुळाशी यांना बॅटरी दिसते. मी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा धुतला, प्लग बदलले, आणि शेवटी चिडून इंजिनच्या कुशीवरची पट्टी उघडली आणि यांना पुढून हँडल फिरवायला लावलं. आत आठ व्हॉल्व्ह. त्यांतले सात, रविवारी सकाळी हाक मारल्यावर पोरं उठल्यासारखं करून पुन्हा पडतात ना, तसे उठत होते. एकच, मागून दुसरा, पुरता ताठ उठून पुन्हा नीट बसत होता. म्हणजे खोट कॅमशाफ्टची.

कॅमशाफ्ट म्हणजे काय हे तुला ठाऊक नसणार, कारण बाबांच्या हाताखाली नेहमी मी असायचे आणि तुला अभ्यास असायचा. इंजिनच्या पोटात हाताएवढा लांब एक दांडा फिरत असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे. अंड्याचं निमुळतं टोक वर आलं की ते आपापला व्हॉल्व्ह उचलतं, खाली गेलं की सोडतं, आणि इंजिन श्वास घेतं आणि टाकतं. त्या टोकाला कारागीर नाक म्हणतात. आपल्या गाडीची सात नाकं झिजून गेली होती. अंड्याचं अक्षरशः वाटोळं झालं होतं. आता उपाय दोनच, एक तर दुसरा शाफ्ट मिळवा, नाही तर आहे त्याच्यावर नाकं पुन्हा घडवून घ्या. एवढ्या जुन्या गाडीचा शाफ्ट कुठल्या दुकानात टांगलेला असणार?

शाफ्ट बाहेर काढण्याचं काम तीन हातांचं आहे आणि आमच्याकडे अडीच होते. मी खाली, हे टॉर्च धरून वर. तू कधी यांना टॉर्च धरायला दिलास का? उजेड तुम्हाला हवा तिथे सोडून सगळीकडे पडतो. यांना काहीतरी बारीकसं चमकताना दिसतं आणि टॉर्च तिकडे जातो. मी अंधारात चाचपडत असताना यांनी मला शेडच्या आढ्यात कोळ्याने केलेलं जाळं दाखवलं. (जाळं छान होतं, खोटं कशाला बोलू.) त्यातून शाफ्ट ओढला की वरचे टॅपेट, म्हणजे नाक आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले दट्टे, खाली तेलात पडतात. ते पडू नयेत म्हणून बाबा प्रत्येकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावत. मीही लावले, घरातले झाडून सगळे. त्या दिवशी नेमका वारा. दोरीवरचे आमचे कपडे मोकळे झाले आणि यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, नाडीसकट, मास्तरांच्या खिडकीतून आत जाऊन पेटीवर बसला. क्लास भरलेला होता. मास्तरांनी तो स्वतः आणून दिला, दोन बोटांत धरून. तेव्हापासून हे समोरच्या जिन्याकडे पाहत नाहीत.

शाफ्ट घेऊन मी बारीकरावांकडे गेले. खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. केसाच्या जाडीचा हिशेब करणारा माणूस म्हणून सगळी गल्ली त्यांना बारीकराव म्हणते. प्रत्यक्षात देह असा, की कारखान्याच्या दारातून ते आडवे होऊन आत जातात. एकच लांब खोली, मधोमध घासायचं मशीन, त्याच्या चाकावर दुधासारखं पांढरं पाणी सतत गळतंय, आणि भिंतीवर ठोकलेली पाटी: 'घाई असलेल्यांनी दुसरीकडे जावे'. माणूस विनयशील वगैरे मुळीच नाही. आपल्या हातून आजवर चूक झालेली नाही, हे त्यांनी मला बसायला स्टूल देण्याच्या आधी सांगितलं, आणि मी बसल्यावर परत सांगितलं.

अडचण अशी, की नाकं घडवायची तर समोर नमुना हवा. या गाडीचा नमुना त्यांच्याकडे नव्हता. मग त्यांनी शाफ्ट उजेडात धरून फिरवला, फिरवला, आणि मागून दुसऱ्या नाकाशी येऊन थांबले. तेच ते, ताठ उठणाऱ्या व्हॉल्व्हचं. पूर्ण उंचीचं, तुकतुकीत, जराही न झिजलेलं. बारीकरावांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि त्याला हात जोडले. जुन्या लोकांच्या पोलादाबद्दल ते बराच वेळ बोलले. आजच्या पोलादाबद्दल जे बोलले ते पत्रात घालण्याजोगं नाही. एवढं एक नाक काळाने आपल्यासाठी राखून ठेवलं आहे, त्याचीच हुबेहूब नक्कल बाकीच्या सातांवर करायची, असं ठरलं. त्या सातांवर वेल्डिंगने धातू चढवला, मशीनवर घासून आकार आणला. आठवं तसंच ठेवलं, त्याला चाकसुद्धा लावलं नाही. काम झाल्यावर त्यांनी माप लावून मला दाखवलं. आठांत केसाचा फरक नव्हता. हे अगदी खरं आहे, आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच झाला.

नवीन घडवलेला शाफ्ट बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की ते हळू ठेवायचं नसतं. चांगलं जोरात, एका लयीत, वीसेक मिनिटं पळवायचं आणि मध्ये थांबायचं नाही. तेवढ्यात नाकं आणि टॅपेट एकमेकांना सरावतात. थांबलात तर एकमेकांना खातात. (नव्या लग्नासारखं का, असं यांनी विचारलं. मी यांना पाणी आणायला पाठवलं.) मी पाय दाबून बसले. शेडमधून धूर, पत्र्याचा थरथराट, गल्लीभर आवाज. पाचच मिनिटांत मास्तर खाली. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून पायजम्याचा विषयही त्यात असावा. मला पाय काढता येईना, बोलता येईना. मी नुसती मान हलवत राहिले, आणि त्यांना वाटलं मी वाद घालते आहे. मग एकाएकी त्यांचे हात थांबले. कान तिरका करून उभे राहिले. वर खिडकीत त्यांचे विद्यार्थी जमले होते. मास्तरांनी हात वर केला आणि सगळ्यांनी इंजिनच्या सुरात सूर मिसळून आ लावला. ताई, इतका वेळ न थकता एकच सूर देणारा साथीदार त्यांना आजवर मिळाला नसावा. शेवटी शेवटी माझा पाय अवघडून जरा ढिला पडला, तर मास्तर गाडीच्या खिडकीशी वाकून माझ्या कानात ओरडले, "थोडा उतरलाय, वर घ्या." मी वर घेतला. आता आमचं जाणं-येणं आहे.

वेळ भरली, मी पाय काढला, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. गाडी शांत होईना. जागच्या जागी थडाथडा उडू लागली, जणू कोणीतरी तिला उगाच थांबवून ठेवलं आहे. बॉनेटवर ठेवलेला यांचा चहाचा कप चालत चालत कडेला आला आणि पडला. आणि जरा पाय दिला की हीच गाडी वाघ मागे लागल्यासारखी झेपावते. हळू म्हणून चालायचं नाही. एक तर पळेन, नाही तर जागीच चरफडेन. कारखान्यातून ही गाडी अशी निघाली असती, तर त्यांनी तो कारखाना बंद केला असता.

पुन्हा चिमटे, पुन्हा यांचा टॉर्च, पुन्हा शाफ्ट बाहेर, पुन्हा बारीकराव. (कपडे या वेळी घरातच वाळत घातले होते.) बारीकराव आधी रागावले, मग त्यांनी भिंग लावलं. सात नाकं पाहिली, ठीक. मग ते आठवं, मूळचं, पोलादाचा तो आदर्श, भिंगाखाली घेतलं आणि तिथेच खिळले. त्याच्या उतारावर बारीक तिरप्या रेघा होत्या. मशीनच्या नव्हेत, हाताने दगड घासल्याच्या. "बाई," ते म्हणाले, "हे कारखान्याचं नाक नव्हे. कोणीतरी वरून धातू चढवून हाताने घासलंय. माणूस डावखुरा होता."

ताई, त्या क्षणी मला तो उन्हाळा आठवला. तुला आठवतो का? बाबा ओसरीत पाय पसरून बसले होते, मांडीवर एका झिजलेल्या नाकावर नवा धातू चढवून आणलेला हा दांडा, आणि डाव्या हातात आईचा सुऱ्यांना धार लावायचा दगड. किती तरी दिवस चाललं होतं. माप नाही, नमुना नाही. चार वेळा घासायचं, डोळे मिटून अंगठा फिरवायचा, हूं म्हणायचं, परत घासायचं. आई म्हणाली की निदान कोणाला तरी विचारून करा. तर बाबा म्हणाले, अंदाज हेच माप. त्या दगडाला असा खळगा पडला की घरातली एकही सुरी पुढे धड चालली नाही, आणि आईने वर्षभर भाजी हाताने मोडून केली. नाक मात्र असं टणक झालं की बाकीची सात झिजली तरी ते जागचं हललं नाही. फक्त त्याचा आकार कारखान्याने दिलेला नव्हता, बाबांनी दिलेला होता. व्हॉल्व्ह लवकर उघडायचा, उशिरा मिटायचा. आठांत एक असं होतं तोवर बाकीच्या सातांनी त्याला सांभाळून घेतलं. आता आठही तशीच.

हे सगळं मी बारीकरावांना सांगितलं. ते स्टुलावर बसले. (स्टूल माझं होतं, मी उठले.) बराच वेळ त्या मशीनवर पाणी गळत राहिलं. मग ते फार गंभीरपणे म्हणाले, "चूक माझी नाही. चूक तुमच्या वडिलांची. मी फक्त ती तंतोतंत केली."

इंजिन पोकळ ठेवणं बरं नव्हे, म्हणून तोच शाफ्ट मी तात्पुरता परत बसवला. आणि बसवलाच आहे, तर एक चक्कर मारून पाहावी म्हणून बाहेर काढली. निव्वळ तपासणीसाठी. हे शेजारी बसले. ताई, मी तुला कसं सांगू. चौकात थांबलो तर गाडी अशी धुसफुसायला लागली, जणू बाबा रांगेत उभे आहेत आणि पुढचा माणूस सुटे पैसे शोधतो आहे. वाट मोकळी झाली तशी उसळी मारून सगळ्यांच्या पुढे. वळणावर हळू घ्यायला गेले तर नाराज होऊन खोकली. बाबांना सावकाश म्हणून काही करता आलं होतं का? जेवण, चालणं, रागावणं, आणि रागावून झाल्यावर आपल्याला हसवणं, सगळं एका दमात. मी आधी हसत सुटले आणि मग रडायला लागले. धुराने होतंय म्हणून यांना सांगितलं. यांनी खिडकीची काच वर केली, वळून मागची सीट पाहिली आणि म्हणाले, "मी मागे बसतो. पुढे सासऱ्यांच्या शेजारी बसायची मला अजून सवय नाही." आणि खरंच गाडी थांबवायला लावून मागे जाऊन बसले. आमच्या या गृहस्थांना मी कोरडे समजत आले होते. तसे ते नाहीत, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

असो. भावनेच्या भरात वाहून जाणारी मी नव्हे. मुद्दा एवढाच, की गाडी चालू आहे, पण कारखान्यातून निघाली तशी ती नाही. संग्राहकांची अट पाळायची तर हा शाफ्ट काढून दुसरा घालावा लागेल. तू मोठी, तू म्हणशील ते मला मान्य. तुझ्या गुडघ्याला जप, भावोजींना माझा नमस्कार सांग, आणि खोकल्याचं ढोंग मला कळतं हेही सांग.

तुझी आज्ञाधारक धाकटी

ता. क. खरं ते सगळं कळवायचं म्हणून लिहिते. दुसरा शाफ्ट तयार आहे. बारीकरावांना त्या प्रकारानंतर झोप लागेना. त्यांनी कुठून तरी मूळ मापं मिळवली, सगळा शाफ्ट नव्याने घडवला आणि स्वतः घरी आणून दिला. (आमच्या दारातूनही ते आडवेच आले.) असा दांडा आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून तो माझ्या कपाटात यांचा कोट आणि माझा रेनकोट यांच्यामध्ये टांगला आहे. गाडीत घालणं म्हणजे एका सुट्टीचं काम. मी ते केलेलं नाही, कारण चिमटे कपड्यांना लागतात.

ता. क. २. वर जे 'तू म्हणशील ते' लिहिलं आहे, त्याच्याशी संबंधित एक किरकोळ बाब. संग्राहकांना मी परवाच नकार कळवला आहे. तुझ्या नावाने. ताईंचा जीव त्या गाडीत अडकला आहे, वरून कडक दिसतात पण आतून फार हळव्या आहेत, त्यांना दुखावणं माझ्याच्याने होणार नाही, असं सांगितलं. तेव्हा त्यांचा फोन आला तर कृपा करून थोडी हळवी हो. एवढी एकच विनंती करायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. बाकीचं लिहिता लिहिता वाढलं.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात त्यांचाच फोन आला. फार अदबीने बोलत होते. म्हणाले, गेल्या आठवड्यात तुमच्या ताईंनीही फोन करून नकार दिला होता. तुमच्या नावाने. म्हणाल्या, धाकटीचा जीव त्या गाडीत अडकला आहे, पण ती भिडस्त आहे, आपणहून कधी बोलायची नाही. (भिडस्त. मी. ताई, जगात एवढे शब्द असताना.) त्यांनी विचारलं, आता आम्ही तुम्हा दोघींपैकी विश्वास कोणावर ठेवायचा? मी सांगितलं, मोठीवर. आमच्या घरात मोठीच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.